कच्छच्या आभाळातलं विमान आणि सेहेचाळीस वर्षांनी आलेला मेल : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण का

१९६५ च्या युद्धात एका पाकिस्तानी वैमानिकाने कच्छवर एक भारतीय नागरी विमान पाडलं, आणि २०११ मध्ये त्या विमानाच्या मारल्या गेलेल्या वैमानिकाच्या मुलीला मेल लिहिला. मध्यस्थीच्या प्रशिक्षणात मी हे प्रकरण बरीच वर्षं वापरते आहे. समोर बसलेली मंडळी बहुतेक तंटामुक्ती समित्यांमधली, काही ग्रामपंचायत सदस्य, दोन-चार तरुण वकील, एखादा निवृत्त फौजदार. त्यांच्याकडे येतात ती बांधाची, पाण्याच्या पाळीची, भावकीतल्या वाटणीची भांडणं. १९६५ च्या भारत-पाक युद्धाशी त्यांचा काही संबंध नाही. तरी मी हेच घेते, कारण यात माणसं दोनच आहेत, पत्रं दोनच आहेत, आणि कुणी कुठल्या क्षणी काय ठरवलं ते बोट ठेवून दाखवता येतं. बांधाच्या भांडणात ते जमत नाही. तिथे प्रत्येकाच्या तोंडी वेगळा बांध असतो.

दोघांची नावं त्या वेळी वर्तमानपत्रांत आली होती. इथे मुद्दाम देत नाही. पाकिस्तानी हवाई दलातल्या गृहस्थांना मी ‘वैमानिक’ म्हणेन, भारतातल्या दुसऱ्या पक्षाला ‘बाई’, आणि त्यांच्या मारल्या गेलेल्या वडिलांना ‘वडील’. वडीलही वैमानिकच होते, म्हणून एवढी काळजी. आणखी एक. १९६५ मधल्या पोराला मी ‘तो’ म्हणते आणि २०११ मधल्या वयस्क माणसाला ‘ते’. प्रशिक्षणात हे काहींना खटकतं. खटकू दे.

पार्श्वभूमी

ते युद्ध खरं तर कच्छपासूनच पेटत गेलं. १९६५ च्या एप्रिलमध्ये कच्छच्या रणात चकमकी झाल्या, ३० जूनला ब्रिटनच्या मध्यस्थीने तिथली लढाई थांबली, ऑगस्टमध्ये काश्मीरात घुसखोर आले, १ सप्टेंबरला छांबवर हल्ला झाला आणि ६ सप्टेंबरला भारतीय सैन्याने लाहोरच्या बाजूने सीमा ओलांडली. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते, त्यामुळे मराठी घरांत त्या युद्धाची आठवण त्यांच्या नावाशी आणि पंजाबातल्या रणगाड्यांशी जोडलेली आहे. त्याच महिन्यात कच्छच्या बाजूला काय झालं, हे गुजरातबाहेर फारसं कुणाला आठवत नाही.

१९ सप्टेंबर १९६५. गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता मिठापूरला सभा करून कच्छच्या सीमेकडे निघाले. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत ही तीन मजली रचना ज्यांच्या समितीने १९५७ मध्ये सुचवली, तेच हे मेहता. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना हे नाव स्पर्धा परीक्षेच्या तयारीतून पाठ असतं. माणूस कसा गेला हे जवळजवळ कुणालाच ठाऊक नसतं. विमान बीचक्राफ्ट, लहानसं, दोन इंजिनांचं, नागरी. आत आठ माणसं: मुख्यमंत्री, त्यांच्या पत्नी, तीन सहकारी, एक पत्रकार आणि विमान चालवणारे दोघे. त्या दोघांतले मुख्य म्हणजे ‘वडील’, भारतीय हवाई दलात नाव कमावून मग गुजरात सरकारचे वैमानिक झालेले.

सीमेपलीकडे, सिंधमधल्या बदीनच्या रडारवर एक ठिपका दिसला. कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून सेबर हे लढाऊ विमान उडालं. त्यात आपला ‘वैमानिक’, हवाई दलातल्या अगदी खालच्या हुद्द्यांपैकी एका हुद्द्यावरचा तरुण. पुढचं सगळं त्यानेच नंतर सांगितलेलं आहे. खाली ते विमान दिसलं. त्याने जवळ जाऊन पाहिलं, अंगावरची ‘व्हीटी’ ही भारतीय नोंदणीची अक्षरं वाचली, आणि रेडिओवरून जमिनीवरच्या नियंत्रकाला कळवलं, हे आठ आसनी नागरी विमान आहे. नियंत्रक म्हणाला, थांब. तीन-चार मिनिटं तो घिरट्या घालत राहिला. त्याला वाटत होतं, परत फिर असाच निरोप येईल. खालच्या विमानालाही तो दिसला होता. ते वर चढू लागलं आणि पंख डावी-उजवीकडे डोलवू लागलं. उडणाऱ्यांच्या भाषेत त्याचा अर्थ कुणालाही कळतो: आम्हाला मारू नका.

मग हुकूम आला, पाड. त्याने पाडलं. विमान सुथरी गावाजवळ कोसळलं. आठांपैकी कुणी वाचलं नाही.

परतला तेव्हा टाकीत इंधन जेमतेम उरलं होतं. संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांत त्याला समजलं की आत कोण होतं. चौथ्या दिवशी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, युद्धबंदी लागू झाली.

अडचण नेमकी कोणती

वर्गात हा प्रश्न विचारला की पटकन उत्तर येतं: ‘त्याने मारलं, त्याने माफी मागायची, बाईंनी द्यायची की नाही ते ठरवायचं.’ एवढंच असतं तर प्रकरण अभ्यासाला घेण्याजोगं नव्हतं.

पहिली गोष्ट, दोन्हीकडे दोन पूर्ण वेगळ्या हकिकती रुजल्या होत्या. भारतात समज असा, की विमानात मुख्यमंत्री आहेत हे जाणून, हात जोडणाऱ्या माणसांवर थंड डोक्याने गोळ्या झाडल्या. पाकिस्तानी बाजूचं म्हणणं असं, की युद्ध ऐन भरात असताना सीमेलगत एक विमान घिरट्या घालतंय, कच्छमध्ये नवी आघाडी उघडण्यासाठी टेहळणी चालली असेल. पहिल्या हकिकतीत माणूस राक्षस ठरतो, दुसऱ्यात मेलेली माणसं नकाशावरचा ठिपका ठरतात. ही दोन पानं एकत्र ठेवून वाचणारं कुणी नव्हतं.

दुसरी गोष्ट, वर पंच नाही. गावात निदान सरपंच असतो, पोलीस पाटील असतो, नाहीतर तालुक्याचं कोर्ट असतं. इथे दोन देश. ताश्कंदला जानेवारी १९६६ मध्ये करार झाला, रणाच्या हद्दीचा निवाडा फेब्रुवारी १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने दिला, साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानकडे गेला. जमिनीचा तंटा सुटला म्हणायचा. आठ माणसांचा विषय या दोन्ही कागदांच्या कक्षेत बसणाराच नव्हता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि वर्गात ती कुणी आपणहून मांडत नाही. दोष वाटून गेलेला होता. ट्रिगर एकाने ओढला, हुकूम दुसऱ्याने दिला, त्या दुसऱ्याला तो कुठून आला हे तिसऱ्याला माहीत. अशा वेळी प्रत्येकाला स्वतःपुरतं सांगायला काहीतरी असतं. सोसायटीच्या भांडणातही हेच होतं, सेक्रेटरी म्हणतो ठराव समितीचा, समिती म्हणते सही सेक्रेटरीची. मग ज्याचं नुकसान झालं त्याने कुणाच्या दारात जायचं?

पर्याय

सेहेचाळीस वर्षं वैमानिकाने निवडलेला पर्याय म्हणजे गप्प बसणं. तो कमी लेखू नका. शिपाई हुकूम पाळतो, नंतर त्याबद्दल बोलत नाही, असं मानणाऱ्या जगात तो वाढला. आपण बोललो तर आपल्याच दलाला वाईट वाटेल, समोरचे विश्वास ठेवणार नाहीत, आणि मेलेले परत येणार नाहीत. हे तिन्ही हिशेब चुकीचे नव्हते.

एप्रिल २०११ मध्ये गोष्ट हलली. पाकिस्तानी हवाई दलातल्याच एका निवृत्त अधिकाऱ्याने, जे हवाई युद्धांचे अभ्यासक आहेत, या घटनेवर सविस्तर लेख लिहिला. तो वाचून वैमानिकांना वाटलं की आता मेलेल्यांच्या घरच्यांपर्यंत आपण स्वतः पोचायला हवं. मी हा टप्पा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते, कारण समेटाची सुरुवात इथे पश्चात्तापाने झाली नाही. सुरुवात तपशिलाने झाली. तटस्थपणे, कुणाला शिव्या न घालता, कुणीतरी घटनाक्रम कागदावर मांडला आणि मग आतला माणूस बोलू शकला. तंटामुक्ती समितीत आपण याच्या उलट करतो. आधी ‘हातात हात द्या’ म्हणतो, आणि काय घडलं ते कधी लिहूनच काढत नाही.

आता बोलायचं कसं? एक मार्ग होता मुलाखत देण्याचा, म्हणजे घरच्यांना न कळवता जगाला सांगण्याचा. दुसरा, आपल्या हवाई दलामार्फत किंवा सरकारमार्फत. तो मार्ग बंदच होता म्हटलं तरी चालेल; मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्याला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. तिसरा मार्ग प्रत्यक्ष भेटीचा, आणि त्याचं एक उदाहरण याच दोन देशांमध्ये आधी घडलेलं होतं. ते इथे सांगणं भाग आहे.

१६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल मारले गेले. पुण्यात जन्मलेले, खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडलेले, ‘पूना हॉर्स’ या रणगाडा रेजिमेंटचे अधिकारी, वय अवघं एकवीस. मरणोत्तर परमवीरचक्र. एनडीएचं संचलनाचं मैदान आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं. २००१ मध्ये त्यांचे वृद्ध वडील, तेही निवृत्त ब्रिगेडियर, आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरात एका निवृत्त पाकिस्तानी ब्रिगेडियरच्या घरी उतरले. यजमानाने मनापासून पाहुणचार केला आणि निघण्याच्या आदल्या रात्री सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला.

वर्गाला ही गोष्ट ऐकताना गहिवर येतो. मला ती पद्धत म्हणून बरोबर वाटत नाही. म्हाताऱ्या बापाला परक्या मुलखात, त्याच माणसाच्या छपराखाली, त्याचं मीठ खाऊन झाल्यावर हे ऐकावं लागलं. उठून जायला जागा नव्हती. त्यांनी ते मोठ्या मनाने घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. त्यावरून पद्धत योग्य ठरत नाही. शिवाय ती दोन सैनिकांमधली गोष्ट होती. रणगाड्यासमोर रणगाडा, दोघांच्या हातात शस्त्र. कच्छच्या आभाळात एकाच्याच हातात होतं.

उरला चौथा मार्ग, खासगी पत्र. वाचणाऱ्याला ते मिटून ठेवता येतं, फाडता येतं, महिनाभराने पुन्हा उघडता येतं. वैमानिकांनी तो घेतला. आधी त्यांनी मित्रांच्या मदतीने बाईंचा मेलचा पत्ता मिळवला.

काय केलं: पहिलं पत्र

ऑगस्ट २०११ च्या सुरुवातीला मेल गेला. इंग्रजीत. छापून आलेला मजकूर मी वर्गात मराठीत समजावून सांगते, पण त्याआधी एक काम देते: ‘तुम्ही वैमानिक आहात असं समजा आणि पत्र लिहा, वीस मिनिटं.’ दरवेळी बहुतेक पत्रं सारखीच येतात. पहिल्याच ओळीत माफी, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत पुन्हा माफी, मग ईश्वर मृतात्म्यांना शांती देवो. काय घडलं, याबद्दल एक वाक्यही नसतं. ‘घडलेल्या प्रकाराबद्दल’ हे शब्द मात्र असतात.

खरं पत्र याच्या अगदी उलटं आहे. त्यात त्या दिवसाचा हिशेब आहे. कुठून उडालो, काय दिसलं, काय कळवलं, काय हुकूम आला, गोळ्या झाडल्यावर काय झालं. मरणाऱ्याच्या मुलीला हे इतकं सांगायचं? एका प्रशिक्षणार्थी बाईंनी मला चिडून विचारलं होतं, ‘तिला इंजिनाने पेट घेतलेला कशाला वाचायला लावायचा?’ प्रश्न रास्त आहे. पण ज्यांच्या घरचं माणूस असं गेलंय, त्यांच्याशी कधी बोलून बघा. शेवटच्या पाच मिनिटांत काय झालं, हे त्यांनी रोज रात्री मनात उभं केलेलं असतं, आणि ते खऱ्याहून भयंकर असतं. इथे तर त्या पाच मिनिटांचा एकच साक्षीदार हयात होता आणि तो गोळी झाडणारा होता.

दुसरं, पत्रात बचाव आहे. मी कर्तव्य करत होतो, नियमाबाहेर गेलो नाही, युद्धात सगळं चालतं असं मानून मी हे केलेलं नाही, तसं रंगवलं गेलं ते माहितीअभावी, असा त्याचा रोख आहे. मध्यस्थीच्या कुठल्याही पुस्तकात सांगतील की दिलगिरीत बचाव मिसळू नका. मीही तेच शिकवते. मग इथे तो का चालून गेला? माझं उत्तर असं की त्यांनी बचाव केला तो हेतूचा, परिणामाचा नाही. ‘चुकून झालं’, ‘मला दिसलं नाही’ असं ते म्हणत नाहीत. नागरी विमान आहे हे मला कळलं होतं, आणि तरी पाडलं, हे ते स्वतः लिहितात. स्वतःवर उलटू शकेल असं वाक्य पत्रात असलं की वाचणारा बाकीच्यावरही विश्वास ठेवतो.

आणि तिसरं, शब्द. छापून आलेल्या मजकुरात ‘मला माफ करा’ असं कुठेही नाही. तुमच्याबद्दल, तुमच्या कुटुंबाबद्दल, इतर सात घरांबद्दल मला वाईट वाटतं, तुमचे वडील गेले याचं दुःख आहे, असं आहे. संधी मिळाली तर समोर येऊन तुमचं सांत्वन करीन, असंही आहे. बातम्यांनी त्याचं ‘माफी’ करून टाकलं. इंग्रजीतल्या ‘सॉरी’ या एका शब्दात बरंच काही कोंबलेलं असतं. आपल्याकडे त्याला वेगवेगळी दारं आहेत. खेद सरकारी पत्रकात व्यक्त होतो. दिलगिरी संपादक व्यक्त करतो. शोक समाचाराला जाणारा करतो. माफी मागितली की समोरच्यावर ती देण्याचं किंवा नाकारण्याचं ओझं येतं. वैमानिक गेले ते समाचाराला. सेहेचाळीस वर्षं उशिरा, पण समाचाराला. मारणाऱ्याने समाचाराला जावं का, हा वाद वर्गात तासभर चालतो आणि मी तो चालू देते. माझ्या मते त्यांनी माफी मागितली नाही, यानेच बाईंना मोकळं ठेवलं. मागणी नसलेल्या पत्राला माणूस हवं ते उत्तर देऊ शकतो, किंवा देतही नाही.

दुसरं पत्र

इथला निर्णय बाईंचा, आणि तो माझ्या मते वैमानिकांच्या निर्णयाहून अवघड. वैमानिकांना तयारीला महिने मिळाले. बाईंच्या पडद्यावर एक दिवस अनोळखी माणसाचा मेल आला, एवढंच. उत्तर न देणं अगदी सोपं होतं, आणि त्याबद्दल कुणी नाव ठेवलं नसतं. ‘तुमचं पत्र मिळालं’ एवढंच कळवणं हा मधला मार्ग. बाईंनी पुरं उत्तर लिहिलं.

त्यात त्यांनी काय गाळलं नाही, ते आधी बघा. त्या एका घटनेने आमच्या आयुष्याला आकार दिला, असं त्या लिहितात. नंतरच्या हालअपेष्टांचा उल्लेख करतात. ‘जाऊ द्या, झालं ते झालं’ हा आपला आवडता सूर त्यात नाही. मग त्या सांगतात की ज्याने प्रत्यक्ष ट्रिगर ओढला त्याच्याबद्दल आमच्या मनात कधीच कडवटपणा नव्हता, हे सगळं युद्धाच्या गोंधळात घडलं याचा आम्हाला कधी विसर पडला नाही, या खेळात आपण सगळीच प्यादी आहोत. तुम्हाला लिहायला धैर्य लागलं, मला उत्तर द्यायलाही लागतं आहे, आणि वडिलांनाही हेच आवडलं असतं, असा पत्राचा रोख आहे. या जखमा दोन माणसांपुरत्या नाही तर त्याहून मोठ्या पातळीवर भरून याव्यात, ही इच्छाही त्यात आहे.

‘आम्ही कधी द्वेष केलाच नाही’ हे वाक्य वाचून काही जण निराश होतात. त्यांना वितळणारा दगड बघायचा असतो. इथे दगड नव्हताच. पण मला वाटतं, समेट झाला तो याच कारणाने. ट्रिगर ओढणारा आणि युद्ध हे दोन वेगळे आहेत, ही फोड बाईंच्या घरात आधीच झालेली होती, बहुधा वडील स्वतः हवाई दलातले होते म्हणून. हुकूम म्हणजे काय हे त्या घराला समजावून सांगावं लागलं नाही. पत्र पोचायच्या आधी जमीन नांगरलेली होती. तशी नसती, तर तेच पत्र, त्यातला बचावाचा भाग वाचून, रागाने परत आलं असतं. म्हणून वर्गात कुणी या पत्राचा नमुना करून ठेवू लागलं की मी थांबवते.

पुढे काय झालं

दोन्ही पत्रं त्याच महिन्यात दोन्ही देशांत गाजली. सरकारं काही बोलली नाहीत. त्यांच्याकडून अपेक्षाही नव्हती. वैमानिकांनी पुढे मुलाखतींतूनही तोच घटनाक्रम सांगितला, थांबवून ठेवलेल्या तीन-चार मिनिटांसकट.

बाईंनी ज्या मोठ्या पातळीचा उल्लेख केला, तिथे काय चाललं होतं हेही नोंदवायला हवं. १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडलं, त्यानंतर १९८४ मध्ये नागरी उड्डाणाच्या आंतरराष्ट्रीय करारात उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये असं कलम घातलं गेलं. १९९१ मध्ये भारत-पाकिस्तानने हवाई हद्दीपासून लढाऊ विमानांनी दहा किलोमीटर दूर राहायचं असा करार केला. आणि १० ऑगस्ट १९९९ ला, कारगिल संपून दोन आठवडे होत असताना, त्याच कच्छच्या किनाऱ्यालगत भारतीय मिगने पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं. ते लष्करी होतं, हद्द कुणी ओलांडली यावर दोन देशांचे दोन नकाशे होते, पाकिस्तान हेगच्या न्यायालयात गेला आणि अधिकारक्षेत्र नाही म्हणून जून २००० मध्ये प्रकरण तिथेच थांबलं. आत सोळा माणसं होती. दोन्ही घटना सारख्या नाहीत, तसा दावा मी करत नाही. पण १९६५ ची गोष्ट ऐकून डोळे पुसणाऱ्या वर्गाला मी हा दुसरा आकडा सांगते तेव्हा खोलीतली शांतता बदलते.

वेगळं काय करता आलं असतं

तपशील द्यायचा की नाही, हे आधी विचारता आलं असतं. ‘त्या दिवसाबद्दल मला जे माहीत आहे ते तुम्हाला हवं असेल तर लिहीन’ असं दोन ओळींचं पहिलं पत्र, आणि होकार आल्यावर दुसरं. आज मी असं प्रकरण हाताळलं तर हेच सुचवीन, आणि मध्ये एक ओळखीचं माणूस ठेवीन, मेल उघडताना बाईंच्या शेजारी बसू शकेल असं. मेल या साधनाची अडचणच ही, की तो दार वाजवत नाही.

प्रसिद्धी टाळता आली असती, निदान लांबवता. खासगी पत्राला एकदा बातमीचं शीर्षक लागलं की पुढचं पत्र खासगी राहत नाही. तिसरं, चौथं पत्र मोकळेपणाने लिहिण्याची जागा त्याने आक्रसते. दुसरीकडे, ती पत्रं छापली गेली म्हणून तर मी आज ती शिकवते आहे. तेव्हा या मुद्द्यावर फार शहाणपणा दाखवायला मी मोकळी नाही.

नियंत्रकाचं मात्र मनातून जात नाही. ती तीन-चार मिनिटं. त्या वेळात कुठल्या तरी खोलीत कुणीतरी कुणाला तरी विचारलं, आणि पाड असं ठरलं. वैमानिकाने निदान विचारलं होतं. ज्याला विचारलं, त्याचं पत्र या प्रकरणात नाही. हुकमाच्या साखळीत सगळ्यात खालचा माणूस बोलतो आणि वरची कडी आवाज करत नाही, हे आपल्या दप्तरांतही रोज दिसतं. समेट घडवणारा माणूस इथे फसतो. समोर आलेल्या एकट्यालाच तो पूर्ण दोष वाहायला लावतो, कारण तो एकटाच समोर आलेला असतो.

आणि बाकीची घरं. माझ्या भावना इतरांपर्यंतही पोचवा, असं वैमानिकांनी बाईंना सुचवलं होतं. हे मला पटत नाही. ज्याच्याकडे समाचाराला गेलो, त्यालाच पुढच्या घरी निरोप घेऊन पाठवायचं? ते काम वैमानिकांचं होतं, फार तर तिसऱ्या कुणाचं. बाईंनी आपल्या घरापुरतं उत्तर दिलं, इतरांच्या वतीने काही दिलं नाही, हे त्यांनी नेमकं सांभाळलं. पण बातम्या वाचणाऱ्यांना वाटलं, भारताने माफ केलं.

मागच्या तुकडीत एका ग्रामसेवकाने हा लेखी मजकूर वाचून मला विचारलं, ‘मॅडम, तुम्ही वैमानिकाचं आणि बाईंचं नाव खासगीपणासाठी गाळलं, ते कळलं. पण ते तीन सहकारी कोण?’ मी सांगितलं, मुख्यमंत्र्यांसोबतचे कर्मचारी. ‘ते नाही, नावं.’ मला आली नाहीत. त्याने वहीत आठ आडव्या रेघा मारल्या होत्या आणि त्यातल्या दोनच भरल्या होत्या. बाकीच्यांपुढे त्याने ‘पत्नी, सहकारी, सहकारी, सहकारी, पत्रकार, दुसरा वैमानिक’ असं लिहिलं, मग ते खोडून रेघा तशाच ठेवल्या.